लाल यादीतल्या अक्का

ती यादी मी केली होती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर चिडले आहे त्यांच्यात स्वतःला धरलं नाही असं कुणाला वाटायला नको.

बेळ्ळंदूरला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. वीस-बावीस माणसं. नागपूरहून मी बंगळुरात आले ती एका मोठ्या कंपनीत; तिथे जीव रमेना म्हणून या छोट्या कंपनीत शिरले. काम सांगायला सोपं. कुणी आपल्या दुकानाचं किंवा मालाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला की तो अर्ज सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. कुणी केला, कशासाठी केला, आज कुठल्या पायरीवर आहे, सगळं. वकिलांच्या ऑफिसांना अशा ढीगभर अर्जांवर नजर ठेवावी लागते. रोज एकेक नंबर टाकून बघत बसायला नको म्हणून आम्ही ती माहिती गोळा करून त्यांना एका स्क्रीनवर मांडून द्यायचो.

मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू. आकड्यांच्या त्या ओळींतून माणसं दिसायची. कुणी पापडाला सासूचं नाव दिलेलं, कुणी अगरबत्तीला मुलीचं. कुणा नट-बोल्टवाल्याला आपल्या मालाच्या नावात सिंह हवा, वाघ हवा, काहीतरी डरकाळी फोडणारं हवंच. मी हसायची आणि पुढच्या ओळीवर जायची.

या अर्जांच्या वाटेत एक थांबा असतो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला काही शंका आली, म्हणजे नाव आधीच्या कुठल्या नावासारखं वाटलं किंवा फार सर्वसाधारण वाटलं, की तो ते लिहून कळवतो आणि अर्जापुढे ‘ऑब्जेक्टेड’ असा शब्द लागतो. शब्द भयंकर आहे, गोष्ट साधी आहे. उत्तर द्यायला महिना मिळतो. नीट उत्तर दिलं की गाडी पुढे सरकते. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं; कळवलेलं असतं अशा ईमेलवर, जो त्यांच्या पुतण्याने कधीतरी उघडून दिलेला असतो.

मी एक रकाना वाढवला. शंका निघाली आहे, उत्तर गेलेलं नाही, आणि दिवस संपत आलेत असे अर्ज त्यात आपोआप वर यायचे. हिरवा, पिवळा, लाल. लालातही तीन पायऱ्या केल्या, आर-१, आर-२, आर-३. आर-३ म्हणजे अगदी काठावर. वकिलांकडून एखादी तारीख हुकू नये, एवढाच हेतू. कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि केक मागवला. मी दोन तुकडे खाल्ले.

आता अक्का.

दक्षिण बंगळुरातल्या एका जुन्या वस्तीत अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. त्यांच्या घराण्याला इथे येऊन तीन पिढ्या झाल्या. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ते गेल्याला बरीच वर्षं झाली. अक्का लहान बाळांसाठी कापडी पुस्तकं शिवतात. सहा पानं, कडेला कापूस भरलेला, बाळाने चावली तरी काही बिघडत नाही अशी. एका बाजूने उघडलं की मराठी अक्षरं, दुसऱ्या बाजूने कन्नड. अननस दोन्हीकडे चालतो, पण हत्तीला मराठीत ‘ह’ लागतो आणि कन्नडात तो ‘आने’, म्हणून तोच हत्ती दोन वेगळ्या पानांवर दोनदा शिवावा लागतो, ही त्यांची कायमची तक्रार. मुखपृष्ठावर हाताने भरलेलं पुस्तकाचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. गल्लीतल्या दोघीजणी त्यांच्याकडे शिवायला येत, आणि एका शाळेजवळचं दुकान पुस्तकं ठेवत असे.

एका प्रदर्शनात कुणीतरी त्यांना सांगितलं की नाव नोंदवून ठेवा, नाहीतर दुसरा कुणी घेईल. त्यांनी मला विचारलं. रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही अर्ज भरला, त्यांच्याच नावाने, मध्ये कुणी एजंट नाही. भरून झाल्यावर मी म्हणाले, “आता विसरून जा अक्का, याला वेळ लागतो.” शंका निघू शकते, तो शब्द येऊ शकतो, आला तर घाबरायचं नाही, यातलं एक अक्षर मी सांगितलं नाही. माझं तर रोजचंच काम ते. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं मला वाटलं असणार.

पुढे काही महिन्यांनी एका गुरुवारी मी दुपारीच घरी आले. अक्कांचं दार उघडं होतं. त्या जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या, भोवती पुस्तकांचा ढीग, हातात छोटी कात्री. मुखपृष्ठावरच्या नावाचे टाके एकेक करून उसवत होत्या. ढिगातली निम्मी पुस्तकं झाली होती. जिथे नाव होतं तिथे सुईची भोकं तेवढी राहिलेली.

“अक्का, हे काय करताय?”

“नाव काढतेय. वापरलं तर केस होते म्हणे.”

मी त्यांना हातातली कात्री खाली ठेवायला लावली आणि काय झालं ते विचारलं. सकाळी फोन आला होता. आधी एक माणूस हिंदीत बोलला, मग त्याने कन्नड बोलणाऱ्या बाईला दिला. ट्रेडमार्क विभागातून बोलतोय म्हणाले. त्यांना अक्कांचा अर्ज क्रमांक ठाऊक होता, अर्जाची तारीख ठाऊक होती, पुस्तकांचं नाव ठाऊक होतं. म्हणाले, तुमच्या अर्जावर आक्षेप आहे, आज पाचला फाइल बंद होणार, आणि त्यानंतर हे नाव वापरलंत तर गुन्हा. मोबाइलवर एक कागद आला, त्यावर सही करून पाठवायची होती. फी भरायची होती. अक्कांनी दोन्ही केलं. मग शिवायला येणाऱ्या दोघींना फोन करून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मग दुकानाला फोन करून उरलेली पुस्तकं परत मागवली. आणि मग कात्री घेऊन बसल्या.

“मी सगळं लिहून घेतलंय,” त्या म्हणाल्या आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान पुढे केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात अर्जाचा नंबर होता, पाच वाजता असं होतं, आणि त्याखाली अधोरेखित केलेलं: ‘रेड. आर-३.’

तो शब्द सरकारचा नाही. कुठल्याही वेबसाइटवर नाही. तो मी एका सकाळी, पटकन सुचला म्हणून टाइप केला होता.

मी अक्कांना एवढंच सांगितलं की हे लोक विभागाचे नाहीत, नाव वापरणं गुन्हा नाही, आता काही उसवू नका. बाकीचं गिळलं. वर गेले आणि हात धुतले, उगाच, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. आमच्याकडे कामाची भाषा हिंदी. त्यांनी सगळं शांतपणे, हिंदीतच, अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं. आपली लाल यादी गेले वर्षभर रोज सकाळी एका भागीदार कंपनीकडे जाते. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्यांचं फोन करणाऱ्यांचं ऑफिस आहे. त्यात गैर काही नाही, कारण माहिती सार्वजनिक आहे, ती सरकारनेच मांडली आहे. उलट आपण या लोकांना वाचवतो, नाहीतर त्यांचे अर्ज असेच मेले असते. मी म्हणाले, ते विभागाचं नाव सांगून खोटं बोलतात. सर म्हणाले, फोनवर कोण काय बोलतं ते आपल्या हातात नाही. मग त्यांनी जरा पुढे झुकून विचारलं, तुझ्या घरमालकीणबाईंचं नाव दे, आजच पैसे परत करायला सांगतो.

मला आयुष्यात पुष्कळदा राग आलाय, पण तो बहुधा आवाजाबरोबर निघून जातो. हा गेला नाही. हे माणूस समजत होतं की मी माझ्या घरमालकीणबाईंसाठी सवलत मागायला आले आहे.

मग तीन दिवस मी मला जे येतं ते केलं. वर्षभरात लाल झालेले अर्ज काढले आणि त्यांचं पुढे काय झालं ते सरकारी नोंदीशी जुळवलं. आधी कुणीच एजंट नसलेल्या अर्जांवर अचानक एजंटचं नाव चढलेलं दिसायला लागलं, आणि ओळीमागून ओळ तेच एक नाव. त्या एजंटने पाठवलेली उत्तरं उघडून वाचली. तीही कुणालाही वाचता येतात. सगळी एकच. स्वल्पविरामासकट एकच. वरचं नाव आणि नंबर तेवढा बदललेला. अक्कांच्या पुस्तकांवर अधिकाऱ्याची शंका एवढीच होती की शालेय वह्यांच्या एका जुन्या नावाशी हे मिळतंजुळतं वाटतं. त्यावर अक्कांच्या वतीने गेलेलं उत्तर म्हणत होतं की अर्जदार गेली अनेक वर्षं अगरबत्तीच्या व्यवसायात असून त्यांच्या सुगंधाला बाजारात मान आहे.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. ज्या बिचाऱ्या अगरबत्तीवाल्यासाठी ते पहिल्यांदा लिहिलं होतं तो कोण देव जाणे. त्याच्यापासून पुढे सगळे अगरबत्तीवाले झाले होते. लोणचंवाले, पंपवाले, शिकवणीवाले, सगळे. आणि उत्तरानंतर सुनावणीची वेळ आली की तिथे या एजंटकडून कुणी हजर राहतच नव्हतं, त्यामुळे त्यातले पुष्कळ अर्ज शेवटी मेलेच होते. म्हणे वाचवतो.

ती उत्तरं शेजारी शेजारी लावून छापली आणि पुन्हा केबिनमध्ये गेले. सरांनी कागद उलटे करून पाहिले. अगरबत्तीवर त्यांची नजर थांबली, हे मला दिसलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“हे किती जणांना दाखवलंस?”

जेवणाच्या सुट्टीनंतर माझं लॉगिन चालेना. संध्याकाळी राजीनामा लिहून घेतला. मी दिला असंही म्हणता येईल. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जिच्यासोबत तीन वर्षं मी डबा खाल्ला, स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली की घरी लहान मूल आहे, समजून घे. मी समजून घेतलं नाही. आजही घेतलेलं नाही.

पोलिसांकडे गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की फसवलं गेलेल्याने स्वतः तक्रार द्यायला हवी. बरोबर होतं ते. पण फसवलं गेलेल्यांना आपण फसलोय हे कुठे माहीत होतं?

म्हणून एका मंगळवारी मी बसने होसकोट्याला गेले. नोंदीतला एक पत्ता तिथल्या औद्योगिक वसाहतीतला होता. रबरी वॉशर बनवणारा एक छोटा कारखानदार, त्याच्या नावावरही अगरबत्तीचं उत्तर गेलेलं आणि सुनावणी अजून व्हायची होती. वेळेत कळलं तर त्याचा अर्ज वाचण्यासारखा होता. शेड शोधून काढायला तासभर लागला. पन्नाशीचा माणूस बाहेर आला, हाताला काळं लागलेलं. मी माझ्या मोडक्या कन्नडात सुरुवात केली की तुमच्या ट्रेडमार्कच्या अर्जाबद्दल थोडं बोलायचं आहे. त्याचा चेहरा तिथल्या तिथे बंद झाला. आत वळून तो कुणाला तरी म्हणाला, “इन्नोब्बरु बंदरु.” आणखी एकजण आली. मग हिंदीत मला म्हणाला, “आता तुम्ही किती मागणार?”

मी काही मागत नाही म्हणाले. तो म्हणाला, आधीचेही मदतच करत होते. आणि त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. मी उन्हात उभी. आधी मी त्याच्यावरच चिडले, एवढ्या लांब आले, बस बदलून आले, ऐकून तरी घे. मग लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात आतापर्यंत मला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस आहे. अर्जाचा नंबर हातात घेऊन दारात उभी राहिलेली अनोळखी बाई. मी तरी उघडलं असतं का?

परत आल्यावर मी सरळ अक्कांकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादी, रंग, केक सुद्धा. त्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या.

“आर-३ म्हणजे मी?”

“हो.”

“ते तू लिहिलंस?”

“नियम मी लिहिला. नावं कंप्युटर भरतो. तुमचं नाव त्यात आलंय हे मला माहीत नव्हतं, अक्का. यादी मी उघडून बघितली नव्हती.”

त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, “मग बघायची होतीस गं.”

एवढंच. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर बारा दिवस आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपुरतं आणि गेटच्या किल्लीपुरतं उरलं. भाजीवाल्याकडून माझ्यासाठी कोथिंबीर घ्यायच्या, तीही बंद झाली.

तेराव्या दिवशी अक्का जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नाहीत. फोन माझ्यापुढे धरला; सुनावणीची नोटीस होती.

“हे वाच,” त्या म्हणाल्या. “आणि या वेळेस सगळं सांग. मी घाबरेन म्हणून काही गाळू नको.”

मी सगळं सांगितलं. नाव नाकारलं जाऊ शकतं, हेही. मोबाइलवरच्या कागदावर सही करून एजंटला दिलेला अधिकार काढून घेतल्याचं पत्र त्यांनी पाठवलं, पोलिसांत स्वतः तक्रार दिली. मग आम्ही नवं उत्तर लिहायला बसलो. मी ऐटीत इंग्रजी वाक्यं लिहायची आणि त्या खोडायला लावायच्या. “हे मला तोंडाने म्हणता येणार नाही,” म्हणायच्या. “मला म्हणता येईल ते लिही, स्वल्प सोपं कर.” शेवटी दीड पान राहिलं. बाळांची पुस्तकं, वह्या नव्हेत. कापडाची, कागदाची नव्हेत. इतक्या वर्षांपासून या नावाने विकते आहे, ही दुकानाची पत्रं.

सुनावणी व्हिडिओवर होती. अक्कांनी मला सांगितलं की खोलीत बस, पण कॅमेऱ्यात येऊ नकोस आणि मध्ये बोलू नकोस. मी दाराशी स्टूल घेऊन बसले. अधिकारी कागद चाळत होते. त्यांनी विचारलं की आधीच्या उत्तरात अगरबत्तीचा व्यवसाय म्हटलंय आणि आता पुस्तकं म्हणता, हे काय आहे? अक्का त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या की ते उत्तर माझं नाही, माझ्या नावाने दुसऱ्याने लिहिलं आणि मला दाखवलं नाही. मी अगरबत्ती कधी केली नाही. मी बाळांना चावायची पुस्तकं करते. आणि त्यांनी पुस्तक उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. अधिकाऱ्यांनी ते जरा जवळ आणायला सांगितलं, मग उलटून दुसरी बाजू दाखवायला सांगितलं.

काही आठवड्यांनी वेबसाइटवर अर्जापुढचा शब्द बदलला. स्वीकारला. मी खाली धावत जाऊन सांगितलं. अक्का हरभरे निवडत होत्या.

“सरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. आणि लगेच, “त्या बाकीच्यांचं काय?”

मी होसकोट्याचं सांगितलं. अनोळखी माणसाचं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं. अक्कांनी विचारलं, तू तिथे कागद घेऊन गेली होतीस ना, छापलेले? हो म्हणाले. “छापलेलं बघितलं की लोक घाबरतात,” त्या म्हणाल्या. “पोस्टकार्डं आण.”

तेव्हापासून हे चाललंय. ज्यांची सुनावणी अजून बाकी आहे किंवा ज्यांचं उत्तरच अजून गेलेलं नाही अशांचे पत्ते मी सरकारी नोंदीतून, घरच्या लॅपटॉपवर, एकेक नंबर टाकून काढते. कन्नड येणाऱ्यांना अक्का स्वतःच्या हाताने कन्नडात लिहितात. मराठी मुलुखातल्यांना मी. मजकूर दोन्हीकडे अक्कांचाच: मी साठी ओलांडलेली बाई आहे, मलाही असाच फोन आला होता, तुमच्या नावाने काही उत्तर गेलंय का ते स्वतः उघडून वाचा, कसं उघडायचं ते खाली लिहिलंय, मला पैसे नकोत. आणि खाली त्यांचा फोन नंबर. तो देऊ नका म्हणून मी खूप वाद घातला. त्या म्हणाल्या, नंबर नसेल तर मीही त्यांच्यासारखीच.

बहुतेक कार्डांना उत्तर येत नाही. एकाने फोन करून घाणेरड्या शिव्या दिल्या. अक्कांनी शांतपणे ऐकून फोन ठेवला आणि मीच खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. एका बाईचा अर्ज कार्ड पोचायच्या आधीच गेला होता. ती फोनवर रडली. आमची ती कंपनी मजेत चालू आहे, चौथ्या मजल्याला तिसरा जोडून घेतलाय असं ऐकते. पोलिसांची चौकशी चालू आहे, असं दर खेपेला सांगतात. मी दुसरीकडे नोकरीला लागले, गोदामातल्या मालाचे आकडे बघते, त्यात कुणाची सासू नाही की मुलगी नाही.

मध्ये एकदा मी अक्कांसमोर सगळं ओकले. एवढं करून काय उपयोग, ते रोज जेवढ्यांना फोन करतात त्याच्या नखाएवढीही आपली कार्डं नाहीत, त्यांना तुरुंगात टाकायला हवं, मलाही. त्या पत्ता लिहीत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “राग येऊ दे. पण पिनकोड सांग.”

गेल्या शनिवारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो तेव्हा तुमकूरहून एका बाईंचा फोन आला. नाचणीच्या पिठाचं नाव नोंदवायला त्यांनी अर्ज केला होता. आमचं कार्ड त्यांच्या हातात होतं, आणि त्याच सकाळी त्या दुसऱ्या लोकांचाही फोन येऊन गेला होता. पाच वाजता फाइल बंद होणार म्हणून. अक्कांनी त्यांना आधी बसायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं, आणि मग अर्जाचा नंबर एकेक आकडा करून वाचायला लावला. मी टाइप करत गेले. ऑब्जेक्टेड. उत्तर गेलेलं नाही, एजंट नाही. महिना संपायला अजून चार दिवस होते. मी चार बोटं वर केली, आणि अक्का फोनवर कन्नडात त्या बाईंना सांगू लागल्या की सही कुठेही करू नका, आधी कागद-पेन घ्या.